उंची शंभर, रुंदी शंभर

"फोटो जरा मोठा करा," साहेब म्हणाले.

"किती मोठा?"

"दिसेल एवढा."

"कुठून दिसेल एवढा? पहिल्या रांगेतून की शेवटच्या?"

"शेवटच्या, बाई. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसायला नको का?"

"मग शेवटची रांग पडद्यापासून किती फुटांवर आहे?"

साहेबांनी हातातल्या कागदाने वारा घेतला आणि ते आपल्या खोलीत गेले. या प्रश्नाचे उत्तर अख्ख्या कार्यालयात कोणाकडेच नसणार हे बाईंना ठाऊक होते. त्या उठल्या, जिना चढून वरच्या सभागृहात गेल्या आणि पडद्यापासून शेवटच्या खुर्चीपर्यंत पावले टाकून आल्या. एकोणीस पावले. शिपायाने दारातून हे पाहिले, पण त्याला त्यात काही नवल वाटले नाही.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या नियोजन शाखेत या बाईंना सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर 'बाई', पाठीमागे 'फूटपट्टी'. टाक्या, झडपा, पंप आणि नळ यांच्या आकृत्या काढून मीटिंगसाठी स्लाइड तयार करणे हे त्यांचे काम. चौतीस वर्षांच्या नोकरीतली वीस टायपिंगमध्ये गेली होती आणि पुढची चौदा स्लाइडमध्ये. एक बाण दुसऱ्यापेक्षा केसभर जाड निघाला तरी त्यांना त्या दिवशी घास गोड लागत नसे. लग्न केले नव्हते. माप जुळले नसेल, असे कोणीतरी म्हणे आणि त्यावर बाईच सगळ्यांच्या आधी हसत.

फूटपट्टी हे नाव ज्यांनी ठेवले, त्यांचाच फोटो आज मोठा करायचा होता.

ते आवक-जावक विभागातले कारकून. आवक सांभाळणारी माणसे येत-जात राहिली, जावक मात्र पहिल्यापासून त्यांच्याकडेच, म्हणून त्यांना जावकराव म्हणत. बावीस वर्षे ते बाईंच्या समोरच्या टेबलावर बसले. बाहेर जाणारे प्रत्येक पाकीट आधी तळहातावर तोलून ते वजन सांगत आणि मग काट्यावर ठेवून खात्री करत. बहुधा बरोबर येई. चुकले तर माणूस दिवसभर चुटपुटत बसे. एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे अशी ही जोडी होती. तीन वर्षे आजाराशी झगडून जावकराव तीन आठवड्यांपूर्वी गेले. आज चार वाजता त्यांची शोकसभा होती.

बाईंनी ओळखपत्रासाठी काढलेला त्यांचा फोटो स्कॅनरवर ठेवला. हा गेल्या वर्षीचा. दुसरा एकही फोटो मिळाला नव्हता. कार्यालयातल्या सहलींचे, निरोपसमारंभांचे सगळे अल्बम बाईंनी दोन दिवस उलथेपालथे केले. सगळे फोटो जावकरावांनीच काढलेले, त्यामुळे जावकराव कशातच नव्हते. एका फोटोत जमिनीवर त्यांची सावली होती, हातात कॅमेरा धरलेली. ती काही शोकसभेत लावता येत नाही.

एकोणीस पावलांवरून दिसेल अशा मापाचा फोटो बाईंनी तयार केला आणि स्लाइडवर ठेवला. यंत्राने टक्क्यांत आकडे दाखवले. उंची शंभर, रुंदी शंभर. मग नेहमीप्रमाणे त्यांनी स्लाइडच्या चौकटीबाहेर, पडद्यावर येणार नाही अशा कोपऱ्यात, एक छोटा गोल काढला आणि तो फोटोशी जोडून टाकला. या गोलाला त्या साक्षीदार म्हणत. कोणी आपल्या मागे येऊन चित्र बाजूने ओढले, तर त्याबरोबर साक्षीदारही ओढला जाई. चित्राकडे बघून चटकन कळत नाही, पण गोलाचे अंडे झाले की ते आंधळ्यालाही कळते.

ही साक्षीदाराची युक्ती जावकरावांची. आणि तिच्यामागे लांबट टाकीचे प्रकरण होते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी टेकडीवरच्या नव्या टाकीची स्लाइड मुख्य कार्यालयात गेली होती. टाकी वरून पाहिलेली, म्हणजे नुसता गोल. पण स्लाइडवर उरलेली जागा आडवी होती, म्हणून बाईंनी तो गोल बाजूने ओढून तिथे चपखल बसवला. बाई तेव्हा अजून फूटपट्टी झाल्या नव्हत्या. मुख्य कार्यालयातल्या कोणीतरी विचारले, ही टाकी लांबट का? साहेब तेव्हाही हेच होते. ते गडबडले आणि जागा अरुंद होती असे ठोकून मोकळे झाले. महिन्याभरात पत्र आले. लांबट टाकी कोणाच्या परवानगीने बांधली, खुलासा करावा. टाकी बिचारी टेकडीवर गोलच्या गोल उभी! शेवटी साहेब, बाई आणि जावकराव टेप घेऊन टेकडी चढले, टाकीची सगळीकडून मापे घेतली, आणि 'टाकी गोल आहे' असे सांगणारे तीन पानी पत्र जावकरावांच्या रजिस्टरात नोंद होऊन रवाना झाले. पाकीट हातावर तोलून जावकराव म्हणाले होते, "गोल असून केवढी जड आहे हो!"

त्या दिवसापासून बाई हात धुऊन गोलामागे लागल्या. गोल मोठा करायला गेले की त्याचे अंडे का होते? कोपऱ्याला धरून ओढला तरी हात जरा तिरका गेला की झाले अंडे. विचारायचे कोणाला? शिकवायला आलेला माणूस दोन तासांत सगळे दाखवून गेला होता आणि त्यातले निम्मे त्यालाही येत नव्हते.

मग एकदा जावकराव कशावर तरी सही घ्यायला आले आणि आपले जाडजूड रजिस्टर त्यांनी कीबोर्डच्या कोपऱ्यावर टेकवले. बाई गोल ओढतच होत्या. गोल मोठा झाला आणि गोलच राहिला.

"जावकराव, रजिस्टर उचला बघू."

त्यांनी उचलले. बाईंनी गोल ओढला. अंडे.

"ठेवा."

ठेवले. गोल.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. जावकरावांनी सही तशीच राहू दिली आणि स्वतःची खुर्ची ओढून आणली. पुढचे चार दिवस हा प्रयोग चालला. आवकचे रजिस्टर ठेवून पाहिले, टेलिफोन डिरेक्टरी ठेवून पाहिली, साहेबांचा डबा ठेवून पाहिला. काही केल्या जमेना. जावकचेच रजिस्टर लागायचे.

"बाई, या रजिस्टरला वजन आहे," जावकराव म्हणाले.

"डब्यालाही आहे."

"तसं वजन नव्हे हो. याच्यात नोंद झाली की गोष्ट पक्की होते. यंत्रालाही धाक असेल."

"काहीतरीच!" बाई म्हणाल्या, पण त्यांच्याकडे दुसरे स्पष्टीकरण नव्हते.

पाचव्या दिवशी जावकरावांनी गुडघे टेकले, मान वाकडी केली आणि एक डोळा मिटून दुसरा कीबोर्डच्या पातळीला आणला. रजिस्टरच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा वर्षानुवर्षांच्या वापराने खाली दुमडला होता, आणि तो नेमका डावीकडच्या एकाच बटणावर टेकत होता. शिफ्ट.

"सापडला चोर!" ते इतक्या मोठ्याने ओरडले की साहेब खोलीतून धावत बाहेर आले.

शिफ्टचे बटण दाबून कोपरा ओढला की उंची आणि रुंदी एकमेकींचा हात सोडत नाहीत, हे आज शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. या दोघांना ते पाच दिवसांनी कळले. पण कोणी न सांगता कळले, आणि तो आनंद त्यांना कितीतरी दिवस पुरला. पुढे बाईंना मापाच्या खिडकीतली ती छोटी चौकटही सापडली. तिच्यात खूण केली की आकाराचे प्रमाण बांधलेलेच राहते, एक आकडा बदलला की दुसरा आपोआप बदलतो. बाईंनी प्रत्येक आकाराला ती खूण केली. बाजूने ओढले तर मात्र ती खूणही आवरत नसे, म्हणून जावकरावांनी साक्षीदाराची युक्ती काढली. त्यांच्या स्लाइडमध्ये त्यानंतर एकही अंडे निघाले नाही, आणि त्याच सुमाराला त्यांचे फूटपट्टी म्हणून बारसे झाले.

आणि मग आजारपण आले. जावकरावांची उंची तेवढीच राहिली आणि रुंदी कमी कमी होत गेली. मोजायची सवय लागलेल्या डोळ्यांना समोरच्या टेबलावरचे ते दिसायचे थांबत नाही. बाई मुद्दाम मान खाली घालून काम करू लागल्या. जावकराव मात्र, ज्या दिवशी कामावर येववे त्या दिवशी, पाकिटे तोलत राहिले. शेवटी शेवटी त्यांचा अंदाज चुकायला लागला. हाताला सगळेच जड वाटायचे, म्हणून ते जास्त वजन सांगायचे. मग काट्याकडे बघून नुसते हसायचे. ते हसणे बाईंना अजिबात सोसत नसे.

साडेतीनला बाई डबा धुऊन टेबलावर परत आल्या. सभेच्या आधी स्लाइड एकदा तपासावी म्हणून उघडली, आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. कोपऱ्यातल्या साक्षीदाराचे अंडे झाले होते.

"साहेब! या फोटोला कोणी हात लावला?"

"मीच," साहेब दारातून म्हणाले. "दोन्हीकडे पांढरं दिसत होतं, बाई. जरासा ओढला बाजूने. आता चौकट कशी भरलेली वाटते!"

"माणूस आहे तो, साहेब. खिडकीचा पडदा नाही ओढायला."

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळतंय ना!"

साहेबांनी हात जोडले आणि भाषणाचा कागद शोधायला आत गेले. बाईंनी माउस हातात घेतला. एका क्लिकचे काम होते. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणाले, "ताई, मी लवकरच आले."

जावकरावांची बायको. हातात छोटी पर्स, डोळ्यांखाली काळे. शिपायाने त्यांना वर न नेता ओळखीच्या टेबलाशी आणून सोडले होते.

"या वहिनी, बसा."

वहिनी बसल्या नाहीत. त्या खुर्चीच्या पाठीला धरून स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"किती बरे दिसतायत हो ह्यात," त्या म्हणाल्या.

बाईंचे बोट माउसवर तसेच थांबले.

"घरी ह्यांचा एक फोटो नाही, ताई. लग्नातला आहे, त्यात तर मिसरूडही धड फुटलेलं नाही. नंतर हाती कॅमेरा आला आणि संपलंच. माझे काढले, लेकीचे काढले, शेजारच्यांच्या कुत्र्याचे काढले. मी म्हणायचे, द्या इकडे, तुमचा काढते. तर म्हणायचे, तुझा हात हलतो." त्या हसल्या आणि त्यांनी पर्समधून रुमाल काढला. "मला याची एक प्रत द्याल? मोठी? भिंतीवर लावायला एक तरी हवा ना. लेक परवा कामावर परत गेली, तीही फोनवर तेच विचारत होती."

"देते," बाई म्हणाल्या.

"असाच द्या हं."

शिपाई वहिनींना वर घेऊन गेला. बाई स्क्रीनसमोर एकट्या उरल्या. हातात वीस मिनिटे होती.

आता काय करायचे? खरा फोटो लावला तर वहिनींच्या डोळ्यांसमोर पुन्हा ती आजारी मान, ते बसलेले गाल. ओढलेला लावला तर सगळे खोटे. त्यात भर म्हणजे हाच कागद त्या घराच्या भिंतीवर जाणार, आणि पुढे त्यांच्या नातवंडांना आजोबा म्हणून हाच माणूस माहीत होणार. चित्रातली टाकी लांबट झाली तर खरी टाकी टेकडीवर गोल उभी असते, जाऊन मोजता येते. जावकरावांना आता कुठे जाऊन मोजायचे?

बाईंनी साक्षीदाराला फोटोपासून सोडवले, मापाची खिडकी उघडली आणि प्रमाण बांधणारी खूण काढून टाकली. उंची शंभर, रुंदी एकशे अठरा. साहेबांनी चांगलाच हात मारला होता. त्यांनी रुंदी शंभर केली. गेल्या वर्षीचे जावकराव पुढे आले, नाकाचे हाड वर आलेले. पुन्हा एकशे अठरा. कान फाकले, जबडा कोणा दुसऱ्याचाच झाला. म्हणजे वहिनींनाही हे पुरते बरोबर वाटले नसणार, त्यांनी फक्त गाल पाहिले. मग बरोबर कुठे आहे?

हा प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर बाईंना राहवेना. दुःख जरा बाजूला राहिले आणि कुतूहल पुढे झाले. एकशे चार. काही नाही. एकशे आठ. डोळ्यांत थोडी धुगधुगी आली. एकशे दहा. एकशे बारा.

आणि एकशे बारावर जावकराव होते. तेच ते, गुडघे टेकून, एक डोळा मिटून 'सापडला चोर' म्हणून ओरडणारे. बाईंनी खुर्ची मागे सरकवली. तीन आठवडे त्यांना रडू आले नव्हते, स्मशानातून आल्यावरही नाही. ते आता आले आणि चांगली पाच मिनिटे थांबले नाही.

डोळे पुसून त्यांनी पुन्हा पाहिले. चष्म्याच्या गोल काचा मात्र अंडी झाल्या होत्या. ते दिसल्यावर दुसरे काही दिसेना. आयुष्यभर ज्या चुकीवर लोकांची डोकी खाल्ली, तीच चूक आता स्वतःच्या हाताने करायची. पण बाईंना मघापासून एक गोष्ट छळत होती. खरे माप कोणते म्हणायचे? शेवटच्या तीन वर्षांतले, की आधीच्या एकोणीस वर्षांतले? कॅमेरा गेल्या वर्षी समोर आला, हा काही जावकरावांचा दोष नव्हता.

त्यांनी रुंदी एकशे बारावर ठेवली आणि स्लाइड वर पाठवून दिली.

सभेत बाई शेवटच्या रांगेत बसल्या. फोटो एकोणीस पावलांवरून स्वच्छ दिसत होता. साहेब चांगले बोलले. लांबट टाकीची गोष्ट त्यांनी स्वतःवर घेऊन सांगितली, लोक हसले, मग हसल्याबद्दल ओशाळले. टेकडीवरचा पंप ऑपरेटर मुद्दाम बाईंजवळ येऊन म्हणाला, "फोटो झकास लावलात, बाई. अगदी समोर बसल्यासारखे वाटतात." बाईंचे लक्ष पहिल्या रांगेतल्या वहिनींच्या पाठीकडे होते. भाषणे चालू होती, माणसे उठत-बसत होती, पण वहिनींची मान फोटोवरून हलली नाही.

सव्वापाचला कार्यालय रिकामे झाले आणि वहिनी बाईंच्या टेबलाशी आल्या. या वेळी त्या बसल्या. समोरच्या, जावकरावांच्या खुर्चीवर.

"ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"हा ओळखपत्रावरचाच फोटो ना?"

"हो."

"मघा मला वाटलं, कुठला तरी जुना सापडला तुम्हाला. मग वर बसल्यावर शर्ट दिसला. हा निळा शर्ट मीच आणला होता, गेल्या वर्षी. आधीचे सगळे अंगावर लोंबायला लागले होते, म्हणून एक माप लहान घेतला. दुकानात मलाच भरून आलं होतं, तो शर्ट हातात घेताना. मग तोही सैल झाला. कॉलर बघा ना. असा शर्ट आणि असे गाल, हे दोन्ही एका वेळी नव्हतेच कधी."

बाईंनी मग सगळे सांगितले. साहेबांनी कसा ओढला, साक्षीदार कसा सापडला, शंभर, एकशे अठरा आणि एकशे बारा. सांगताना त्यांचा आवाज एखाद्या चोरी कबूल करणाऱ्या माणसासारखा झाला. "मी सरळ करणारच होते, वहिनी. पण तुम्ही म्हणालात, किती बरे दिसतायत, आणि माझा हात धजला नाही. चुकलंच माझं. तुम्हाला न सांगता असं करायला नको होतं."

वहिनी रागावल्या नाहीत. त्या पुढे झुकल्या. "म्हणजे नुसतं ओढून माणूस जाड-बारीक होतो?"

"होतो."

"दाखवा ना."

बाईंनी फोटो उघडला, त्याच्या बाजूचा छोटा ठिपका दाखवला, आणि मग काय वाटले कोणास ठाऊक, माउस वहिनींच्या हाताखाली सरकवला. "इथे धरा. दाबून ठेवायचं आणि ओढायचं. सोडलं की तिथेच राहतो."

"माझा हात हलतो."

"हलू दे."

पहिल्यांदा फोटो सुसाट बाहेर गेला. जावकराव इतके रुंद झाले की दोघीही दचकल्या.

"अगंबाई, हे तर तुमचे साहेब!" वहिनी म्हणाल्या, आणि दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. साहेबांच्या खोलीतला दिवा अजून चालू होता.

मग वहिनींनी ठिपका आत ढकलायला सुरुवात केली. सावकाश, जरा जरा, मध्ये मध्ये सोडून, चेहऱ्याकडे बघून.

"हे बघा, हे नव्या घरात राहायला गेलो तेव्हाचे. तेव्हा पोट सुटलं होतं." आणखी थोडे. "हे लेकीच्या कॉलेजच्या वेळचे. रोज तिला सोडायला चालत जायचे." त्या पुढे गेल्या. बाई आकड्यांच्या खिडकीकडे बघत होत्या. एकशे बारा आला. वहिनी तिथे थांबल्या, बराच वेळ थांबल्या.

"हे खरे ना?" बाईंनी हळूच विचारले. "मलाही हेच वाटलं."

"हो. हेच ते." वहिनींनी मान हलवली, पण हात पुन्हा ठिपक्यावर गेला. "हे पहिल्यांदा चक्कर येऊन पडले तेव्हाचे. कोणाला सांगू नकोस म्हणाले." आणखी थोडे. "हे पहिल्यांदा हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा." आणखी. स्क्रीनवरचे गाल बसत चालले, नाक वर येत चालले. बाईंना वाटले, यांचा हात धरावा आणि म्हणावे, बास झाले, वहिनी, कशाला? पण त्यांनी धरला नाही.

"हे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी माउसचे बटण सोडले. "हाच द्या मला."

"वहिनी, तो मघाचा छान होता. अगदी त्यांच्यासारखा होता."

"छानच होता. पण तो सगळ्यांचा होता, ताई. ऑफिसचा, मित्रांचा, लेकीचा. सकाळी जायचा तो संध्याकाळी घरी." वहिनी स्क्रीनकडे बघूनच बोलत होत्या. "हा असा झाल्यावर माझ्याकडे आला. तीन वर्षं मी याला आंघोळ घातली, भरवलं, पाठीला हाडं टोचतात म्हणून उशा लावल्या. रात्री माझा हात धरून झोपायचा. आणि आता भिंतीवर जागा द्यायची वेळ आली, तर याला बाहेर ठेवू?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

मग सवयीने त्यांची नजर आकड्यांकडे गेली. उंची शंभर, रुंदी नव्व्याण्णव. वहिनींनी आकड्यांकडे एकदाही पाहिले नव्हते. एकदा बटण दाबले असते तर शंभर झाले असते. बाईंचे बोट बटणापर्यंत गेले आणि तसेच परत आले.

"छापू?" त्यांनी विचारले.

"छापा," वहिनी म्हणाल्या, आणि माउसवरचा हात न काढता यंत्रातून कागद बाहेर येताना पाहत राहिल्या.